शबानाची एक ओळ

मंगळवार, दहिवली

आमदारांसाठी विधानसभेचे लेखी प्रश्न गेली अकरा वर्षे मीच तयार करतो. डोंगरमाथ्यावरच्या वाडीतील दवाखान्याविषयी मी रचलेला प्रश्न निर्दोष होता: 'तेथे डॉक्टर नियमित उपस्थित नसतात, हे खरे आहे काय?' मंत्र्यांचे उत्तर आले, 'हे खरे नाही.' विषय संपला.

या अधिवेशनात मोहोपाड्याच्या शबानाने, कार्यालयात नवीन असूनही, एकच ओळ लिहिली: 'तेथे डॉक्टरांनी शेवटचा रुग्ण कोणत्या तारखेला तपासला?' मी हसलो होतो. 'हे खरे आहे काय' जोडण्याचा सल्लाही दिला होता. तिने ऐकले नाही. उत्तरात दीड वर्षापूर्वीची तारीख आली आणि काल वाडीत डॉक्टर रुजू झाले.

आज वाडीची सखूबाई टाकळ्याच्या रानभाजीच्या जुड्या घेऊन कार्यालयात आली.

"शबाना, तुजा सवाल बरोबर टोचला गं! सर, एक जुडी तुमाला. हिला तुमीच शिकवलं ना?"

मी जुडी घेतली. मी शिकवले नाही, हे मात्र सांगितले नाही. का?

मत्सर, दुसरे काय! संध्याकाळपासून तिची ती ओळ सुधारत बसलो आहे. एक शब्दही हलत नाही.