मशीन माझा हात ओळखतं

३ मार्च, सोमवार
हॉस्पिटलचा डेटाबेस आज नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर हलवला. आठ वर्षं जुन्या व्हर्जनवर माझ्या हाताखाली सुरळीत चालला होता, पण सिस्टीम विभागाला चैन पडेल तर ना. तिथल्या बाई कुठलंही बटण दाबण्याआधी मॅन्युअल वाचतात. मी त्यांना मनातल्या मनात मॅन्युअलबाई म्हणतो. वीस वर्षांत मी एकही मॅन्युअल उघडलेलं नाही. अनुभव अनुभव म्हणतात तो आणखी काय असतो?
संकल्प : मेमरीची मोठी पानं मी एकटाच चालू करणार. कुणाला विचारणार नाही.

४ मार्च, सकाळी ११
साहेबांना मोठी पानं समजावली. मेमरी म्हणजे वही. चिटोऱ्यांवर लिहिलं तर शोधण्यात जन्म जातो, मोठे ताव घेतले की काम झटपट. साहेब म्हणाले, मला फक्त रिपोर्ट वेळेवर निघायला हवेत. असल्या माणसांना केबिन मिळते.
शहाण्णव जीबीपैकी चौसष्ट जीबी मोठ्या पानांसाठी राखून ठेवली. डेटाबेसला ती पानं वापरायची परवानगी देणारी जुनी फाईल होती तशी आणून टाकली.

दुपारी ३
तपासलं. एकूण मोठी पानं ३२,७६८. मोकळी ३२,७६८. वा! सगळीच्या सगळी शिल्लक. जागा कशी ऐसपैस हवी.

६ मार्च
हॉस्पिटलमधून सात फोन. रक्ताचा एक रिपोर्ट उघडायला पाच मिनिटं. लोकांना धीर म्हणून नाही.
मॅन्युअलबाई आल्या. म्हणाल्या, ‘सर, मोकळी म्हणजे तिथे कुणी राहायलाच गेलेलं नाही. चौसष्ट जीबीला कुलूप, आणि डेटाबेस उरलेल्या जागेत चिटोऱ्यांवर अंग चोरून बसलाय.’ हे मला माहीतच होतं. फक्त त्या बाजूने पाहिलं नव्हतं. ‘नव्या व्हर्जनमध्ये परवानगी दुसरीकडे द्यावी लागते, मी मेलमध्ये...’ एवढं त्या बोलल्या आणि मी फोन उचलला. फोन वाजला नव्हता.

९ मार्च, रविवार
ऑफिसात एकटा. लुडबुड करायला कुणी नाही. डेटाबेस बंद केला, लॉगिन करून स्वतःच्या हाताने सुरू केला. मोकळी पानं : ११२. बाकी सगळी कामाला लागली! पापणी लवायच्या आत रिपोर्ट.
साहेबांना मेल : प्रश्न कायमचा सुटला. ‘कायमचा’ ठळक अक्षरात.

११ मार्च
सर्व्हर पहाटे आपोआप रीस्टार्ट झाला. मोकळी पानं ३२,७६८. पुन्हा फोन. पुन्हा हाताने सुरू केला. झकास.

१३ मार्च
तीनदा करून पाहिलं. मशीनने आपोआप सुरू केलं की बोंब, मी केलं की झकास. निष्कर्ष एकच : मशीन माझा हात ओळखतं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग घरातला मिक्सर का ओळखत नाही? तिच्याशी तांत्रिक विषय काढणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.
संकल्प : रोज सकाळी साडेसातला जाऊन बघणार. कारण कुणाला सांगणार नाही.

१७ मार्च
साडेसात. सगळं ठीक. मॅन्युअलबाईंचा आणखी एक मेल. आता एकूण चार. एकही उघडला नाही. त्यांना लिहायची हौस, मला कामं.

१९ मार्च, बुधवार
सासऱ्यांची उपाशीपोटी रक्ततपासणी, आमचा डेटाबेस चालतो त्याच हॉस्पिटलात. वय अठ्ठ्याहत्तर. बायकोला रजा नाही, म्हणून मी नेलं. साडेसातला सर्व्हर बघूनच निघालो होतो.
साडेनऊला रांग थांबली. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, सर्व्हर स्लो आहे. मी म्हटलं, सर्व्हर स्लो नसतो, माणसं स्लो असतात. मागे चाळीसेक लोक. त्या म्हणाल्या, मग काका, तुम्हीच या आत.
शेवटी परवाचा मेल उघडला. ‘बुधवारी सव्वानऊला सुरक्षा अपडेटसाठी रीस्टार्ट. तोवर परवानगीचं बोलू या का?’
तेवढ्यात सासरे म्हणाले, ‘जावईबापू, डोळ्यांपुढे अंधारी येतेय.’ आणि बाकावरून घसरले. नर्सने धरलं, साखरेचं पाणी पाजलं. मी पाय चोळत होतो. गार पडले होते. दहा मिनिटांनी बसते झाले. साखर पोटात गेली, म्हणून तपासणी बाद. उद्या पुन्हा उपाशी या.
दहा वाजता रांग एकदम पळायला लागली. मी तर इथे. माझे हात सासऱ्यांच्या पायांवर.

२० मार्च
साहेबांनी बोलावलं. मॅन्युअलबाईंनी त्यांना मोजक्या ओळी लिहिल्या होत्या. नव्या व्हर्जनमध्ये आपोआप सुरू होणारा डेटाबेस परवानगीची जुनी फाईल बघतच नाही. माणसाने लॉगिन करून सुरू केला तरच ती लागू होते. काल दहाच्या सुमारास त्यांनी परवानगी डेटाबेसच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये दिली. चार मिनिटांचं काम. मी म्हटलं, माझंही तेच म्हणणं होतं.
घरी बायको बोलत नाही. सासऱ्यांनीच तिला बजावलंय म्हणे, जावईबापूंना काही बोलू नकोस, त्यांच्यामागे सर्व्हरचं केवढं काम असतं.

२४ मार्च
आणखी दोन हॉस्पिटलं नव्या व्हर्जनवर जाणार. साहेबांनी मला सगळी कृती लिहून काढायला सांगितली. पहिली ओळ लिहिली : ‘लॉगिन करा.’ पुढे काही सुचेना.
मॅन्युअलबाईंच्या टेबलाशी गेलो. त्यांनी शेजारची खुर्ची ओढून दिली आणि पहिल्यापासून सांगितलं. मी म्हटलं, समजलं. जागेवर येऊन बसलो. समजलं नव्हतं.
परत गेलो. खुर्ची त्यांनी हलवलीच नव्हती.