शेवटच्या शब्दाला जागा

मी, पाट्या आणि भिंती रंगवणारा पेंटर, गल्लीत सगळ्यांचा अक्षरमामा, हात थकले असले तरी डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवत आहे. मन मात्र थाऱ्यावर नाही. लिहितो, फाडतो, पुन्हा बसतो.

१. राहते घर : खालचा मजला मुलीला, वरचा मुलाला. मुलगा म्हणाला, "बाबा, तिचं लग्नात केलंत की सगळं." मुलगी म्हणाली, "मला दया नको, हिस्सा हवाय." तेव्हापासून दोघांत अबोला आहे. जन्मभर शाळा-कचेऱ्यांत देशाच्या घटनेची उद्दिष्टे रंगवली : न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. समता घरात आणली आणि घर दुभंगले. तरी हे कलम बदलणार नाही.

२. कुंचले मुलीला. शिडी मुलाला. तो आता फ्लेक्स छापतो, शिडी पाहून नाक मुरडेल. मुरडू दे, ते त्याचे स्वातंत्र्य.

३. "समता जरा बारीक काढा, घड्याळाला जागा हवी," असे फर्मावणारा हेडक्लार्क माझ्या शोकसभेला आला, तर त्यालाही इतरांसारखीच खुर्ची द्यावी. जिवावर येते, पण द्यावी.

४. आता ज्याने जीव टांगणीला लागला आहे ते. आम्ही पेंटर वरून सुरुवात करतो. न्याय ऐटीत येतो, स्वातंत्र्य ऐसपैस बसते, आणि बंधुतेला जागाच उरत नाही. ती तळाशी अंग चोरून उभी. माझ्या प्रत्येक भिंतीवर हेच झाले. शाळेची नवी भिंत रंगवायला घेतली होती, ती आता मला झेपणार नाही. ती या दोघांनी करावी, आणि खालून सुरुवात करावी. आधी बंधुता, पूर्ण मापाची. तिची रेषा आखायला खडू लावलेली दोरी दोन टोकांना दोघांनी ताणून धरावी लागते.

वकीलसाहेबांना म्हटले, भिंत होईपर्यंत घर देऊ नका, असे मृत्युपत्रात घाला. ते म्हणाले, "घालू की, मामा. पण मग ते घरासाठी दोरी धरतील." दिवसभर येरझाऱ्या घातल्या आणि अट काढली. घर तुमचेच आहे, दोरी धरा की धरू नका. पण पोरांनो, मला भीती वाटते. नाही धरलीत, तर मी आयुष्यभर नुसता रंग लावला.

सही : अक्षरमामा
स्थळ : राहते घर, दोन मजल्यांमधला जिना
दिनांक : शाळा उघडण्याआधीचा सोमवार

साक्षीदार :
वकीलसाहेब (सही)
शाळेची शिपाईबाई (सही). दोघे येईपर्यंत भिंत कोरी ठेवण्याचे यांनी तोंडी कबूल केले आहे.