तहानलेल्या वांग्यांना पाणी घातल्याबद्दल

खोडद,
ता. ९ जून

चि. तेजस्विनीस, कुंडलिकमामाचे आशीर्वाद. (खरं तर या पत्रात तुला आशीर्वाद द्यायला माझा हात वर होत नाही, पण वयाने मोठा असल्यामुळे दुसरं काही देता येत नाही.)

तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? इकडे तुझी मामी ठणठणीत आहे, म्हैस ठणठणीत आहे आणि तुझी वांगी तर फारच ठणठणीत आहेत. त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे. फोनवर तीनदा सांगायला गेलो, पण तू आधीच "मामा, तुमच्यामुळे झालं हे" म्हणतेस आणि मी फोन मामीच्या हातात देतो.

बांधावरची काटेरी रानवांगी खुरपून काढण्यात माझी हयात गेली. तीन वर्षांपूर्वी तू त्यांचीच फळं डब्यात घालून पुण्याला नेलीस (मामी म्हणाली, पोरगी शिकून बिघडली), तुमच्या संस्थेत आपल्या वांग्याशी त्यांचा संकर केलास आणि या चैतात चाळीस रोपं घेऊन आलीस. रानवांगं कोणी पाणी न घालता उन्हात जगतं, तो चिवटपणा या रोपांत उतरला का ते बघायचं, एवढीच परीक्षा. रोपांनी मूळ धरलं की पुढे चाळीस दिवस थेंबभर पाणी द्यायचं नाही. मी हो म्हणालो. त्यात मला काहीच करायचं नव्हतं, आणि तेवढंच मला जमलं नाही.

तेजू, माझ्या रानात तहानलेलं झाड आजवर कोणी पाहिलेलं नाही. शेजारचा भिमाजी पाण्याची पाळी आली तरी बाजेवर पडून राहतो, म्हणून त्याला मी तीस वर्षं नावं ठेवत आलो. आणि आता ऐन रस्त्याच्या कडेला माझी वांगी माना टाकून उभी. गावाजवळच्या रेडिओ-दुर्बिणीच्या अँटेनांकडे कामाला जाणारी माणसं गाडी थांबवून विचारायची, "भाऊ, मोटार जळली का?" सहाव्या दिवशी भिमाजी स्वतः बांधावर आला आणि म्हणाला, "कुंडलिकभाऊ, जरा तरी पानी दावा राव." भिमाजीने, आणि मला. त्या संध्याकाळी मी कळशी उचलली.

एकदाच, असं ठरवलं होतं. मग रोज दिवेलागणीला एकेका झाडाला तांब्याभर, आणि वरून कोरडी माती भुरभुरवायची. एका रविवारी तू येऊन मातीत बोट खुपसलंस, तर खाली ओल. मी म्हणालो, आपली जमीन ओल धरून ठेवते. तू ते वहीत लिहून घेतलंस आणि त्याखाली रेघ मारलीस. 

तरीही मी गप्पच बसलो असतो (मी कसा आहे ते आता तुला कळलंच आहे). पण परवा आंबेगावाकडच्या साळुबाई वांगी बघायला आल्या. त्यांची विहीर शिमग्यालाच तळ गाठते. एकेका झाडाला हात लावत म्हणाल्या, "तुमच्या भाचीनं लई मोठं काम केलं. बी कवा मिळंल? औंदा एकरभर हेच लावते." त्या चहा घेऊन गेल्या, मला मात्र तोंड लपवायला जागा उरली नाही. त्यांच्या एकरभर वांग्यांना दिवेलागणीला कळशी घेऊन कोण जाणार आहे? तेव्हा तुमच्या संस्थेच्या पंधरा तारखेच्या बैठकीत ही वांगी पाण्याविना जगली असं सांगू नकोस. बी वाटू नकोस. मामाने लबाडी केली, असं माझं नाव घेऊन सांग. मला लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

तुझा,
कुंडलिकमामा

ता. क. सही केल्यावर आठवलं. कुंपणाजवळच्या चार झाडांपाशी गांधीलमाश्यांचं पोळं आहे, तिकडे मी एकदाही फिरकलो नाही. ती चारही हिरवीगार आहेत. म्हणजे तुझं काम खरं आहे. छत्तीस खोडून टाक, या चारांचं बी धर. पत्र लिहायला घेतल्यापासून आत्ता कुठे जिवाला बरं वाटलं.

ता. क. २. मामीने पत्र वाचलं. म्हणाली, "तुमी माश्यांना भ्याला, म्हनून त्या चारांना मीच कुंपनापलीकडनं भांड्यांचं पानी वतत व्हते." वरची ता. क. रद्द समजावी.

ता. क. ३. आता खरी विनंती. पुढच्या चैतात रोपं आमच्याकडे आणू नकोस, भिमाजीच्या रानात लाव. मी स्वतः त्याच्या बाजेपाशी जाऊन विचारलं. "पानी न्हाई द्यायचं ना? ते जमंल आपल्याला," म्हणाला. फक्त त्याचं रान आमच्या ओट्यावरून सरळ दिसतं. मधे बांधायला हिरवी जाळी मी आणून ठेवली आहे. ती आधी बांध, मग रोपं लाव.