मंडईच्या तारखांची वेबसाइट

१८ ऑगस्ट
थोरला भाऊ दुलीचंददादा याने यंदा आमच्या नाटक मंडळाचं बुकिंग माझ्यावर सोपवलं. त्याची कंबर धरली आहे, बसून नाटकात पेटी वाजवता येते, पण फिरणं जमत नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि मंडईला नाटक लागतंच. तारखा भरल्या नाहीत तर मंडळ बंद करीन, म्हणाला. मी वेबसाइट करणार. आठवडाभराचं काम. फक्त योग्य टेक्नॉलॉजी निवडायची आहे.

२३ ऑगस्ट
वर्डप्रेस. पक्कं.

२५ ऑगस्ट
वर्डप्रेस रद्द. साऱ्या जिल्ह्यातली गावं एकाच वेळी साइटवर आली तर? स्वतः कोड लिहायला रिअ‍ॅक्ट शिकणार. रोज पहाटे पाच ते सात.

२६ ऑगस्ट, सकाळी ९
उठलो. उद्यापासून.

६ सप्टेंबर
प्रेमिला म्हणाली, पोस्टर करा, खाली दादांचा नंबर टाका आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सोडून द्या. बायको असली तरी तिला साइटचं सगळं आर्किटेक्चर समजावून सांगितलं. ती भाजी निवडत होती. शेवटी तिने विचारलं, यंदा नाटक कोणतं? हा कंटेंटचा प्रश्न आहे.

१४ सप्टेंबर
चोरखमाऱ्याहून केवळरामभाऊ आणखी दोघांना घेऊन आले. सोबत नारळ. मंडईची तारीख पक्की करायची म्हणाले. मी सांगितलं, थोडं थांबा, घरबसल्या ऑनलाइन बुक करता येईल, एवढ्या दूर यायची गरजच नाही. केवळरामभाऊ म्हणाले, आलोच तं आहोन बावा, घेऊन टाका ना तारीख. एकाची तोंडी घेतली की सगळेच तोंडी देतील आणि सिस्टिम उभीच राहणार नाही. ठाम राहिलो. चहा पाजला, नारळ परत दिला. जाताना केवळरामभाऊंनी नारळ दोनदा उलटून पाहिला. बदल पचायला वेळ लागतो.

२८ सप्टेंबर
नवेगाव बांधची मंडळी येऊन गेली. त्यांनाही तेच सांगितलं. मागणी भरपूर आहे, म्हणजे माझी दिशा बरोबर आहे. डेटाबेस कोणता घ्यावा यावर अडलो आहे.

९ ऑक्टोबर
दोन्ही गावांच्या तारखा टेकचंदच्या नाटक मंडळाने घेतल्या. त्याची वेबसाइट नाही, त्यामुळे टिकणार नाही. दादाला योग्य वेळी सांगणार होतो. प्रेमिलाने आधीच सांगितलं. दादा म्हणाला, काऊन रे, लोक दारात येऊन राहिले आन् तू त्याईले मोबाइलमंदी पाठवून राहिला? माझ्याकडे उत्तर होतं. साइट झाली की दाखवणार आहे.

१७ ऑक्टोबर
रिअ‍ॅक्ट थांबवलं. तयार साचा घेतला, दुपारी बसलो आणि चहापर्यंत साइट झाली. एवढा अभ्यास होता म्हणूनच. कॅलेंडर छान आलंय. भरलेली तारीख लाल, रिकामी हिरवी. दादाला दाखवलं. खालपर्यंत सरकवत गेला, पुन्हा वर आला. म्हणाला, लाल कोठं आहे? मला फार वाईट वाटलं. रंग बदलून निळा करावा का, असंही वाटलं.

२५ ऑक्टोबर
साइटवर पहिला फॉर्म आला. घरात ओरडूनच सांगितलं. प्रेमिलाने मोबाइल घेतला आणि फॉर्म दादासमोर मोठ्याने वाचला. पाठवणारा टेकचंद. आमच्या तारखा फुल होऊन गेल्या, एक पेटीवाला कमी पडून राहिला, तुमचे पडदे बी रिकामेच असतीन, दुलीचंदभाऊ येतीन का?

दादाने आमच्या मंडळाचं नाव असलेला पडदा तेवढा घडी करून बाजूला ठेवला, बाकीचे बांधले. मग पेटी पुसायला बसला. मला रागावला असता तर बरं झालं असतं.

२७ ऑक्टोबर
दादाच्या शब्दामुळे टेकचंदने मलाही घेतलं. गेटवर तिकिटं फाडायची. ऑनलाइन तिकिटाचा विषय काढायचा नाही, एवढी एकच अट दादाने घातली आहे. कबूल केलं.