ढम् म्हणजे पुरे

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. तुझं मनगट कसं आहे? (मलमाचा वास वहिनीला सहन होत नाही म्हणून तू ते लावत नाहीस, हे मला कळलंय. लाव.) वहिनीला माझी आठवण सांग. इकडे सगळं ठीक. म्हणजे मी ठीक, माझं चष्म्याचं दुकान ठीक, आणि तुझे मेहुणे एकट्याने गायला लागल्यापासून जसे झालेत तसेच आहेत. 'एकटा जीव सदाशिव' म्हणतात, तो जीव बहुधा गात नसावा.

गाणी माझी, चेहरा माझा, तुम्ही तिघं साथीला, असं म्हणून हे बँडमधून बाहेर पडले. तू ड्रमच्या काठ्या पिशवीत घातल्यास आणि निघालास. तेव्हापासून आमची पायरी चढला नाहीस. एकीकडे नवरा, एकीकडे भाऊ, आणि मधे मी, दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांना सांगत असते, आता डावा डोळा झाका, आता उजवा झाका. असो. तक्रार करत नाहीये. (करतेय.)

ह्यांच्या पहिल्या कार्यक्रमाचं ऐक. पोस्टरवर बँडचं नाव हे एवढं मोठं, त्याखाली 'चे माजी गायक', आणि ह्यांचं नाव वाचायला माझ्याच दुकानातून चष्मा न्यावा लागला असता. तरी लोक बऱ्यापैकी आले. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, बाकीचे मागून येतायत का? मी म्हटलं, वाटेत आहेत. (काय करू, तोंडातून निघून गेलं.) हे गिटार घेऊन उभे राहिले आणि बोलायला लागले. पहिलं गाणं कसं सुचलं. सुचलं तेव्हा अंगात ताप कसा होता. ताप उतरवणारा डॉक्टर बेसूर शीळ कशी घालायचा. मग त्या डॉक्टरचा भाऊ. वाक्य संपलं की हे जरासे थांबायचे, मान किंचित मागे वळवायचे, मागे पडद्याशिवाय काही नाही, की लगेच पुढचं वाक्य. सभागृहाची वेळ संपली तेव्हा दोन गाणी झाली होती. रखवालदाराने दिवे मालवले, तेव्हा हे डॉक्टरच्या भावाच्या नादुरुस्त स्कूटरपर्यंत पोचले होते.

नाचता येईना, अंगण वाकडं! माईक खराब, सभागृह घुमतं, लोक थकलेले. सगळं झाल्यावर सकाळी चहा पिताना म्हणतात, लोकांना माझे विनोद कळत नाहीत, तुझ्या भावाला कळायचे. माझं वाक्य पडलं रे पडलं की तो ढम् करून दाद द्यायचा. दादा, मी कप खाली ठेवला. तुझं ते ढम् म्हणजे 'पुरे आता, गा', हे मला ठाऊक, तुमच्या गिटारवाल्याला ठाऊक, दारावर तिकिटं फाडणाऱ्याला ठाऊक. इतकी वर्षं ह्यांना ती दाद वाटत होती! मी हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि हसता हसता खरं काय ते सांगून बसले.

नको होतं सांगायला. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. म्हणाले, म्हणजे तो मला गप्प करत होता? आणि खरोखरच गप्प झाले. पुढच्या कार्यक्रमात एक शब्द बोलले नाहीत. एकामागून एक गाणी म्हणून टाकली आणि अर्ध्या वेळातच खाली उतरले. लोक मला विचारत होते, बरं नाही का त्यांना? घरातही तेच. इतकं शांत, की फ्रिजची घरघर ऐकू येते. नवऱ्याची बडबड बंद व्हावी म्हणून बायका काय काय करतात, आणि मला मात्र माझा बडबड्या नवरा परत हवाय. बडबडावं, आणि कुणीतरी वेळेवर थांबवावं. परवा बळेच बोलतं केलं आणि मधेच टेबलावर हात आपटून पाहिला, तर म्हणाले, तू उशिरा मारतेस. (उशीर झालाच. त्या स्कूटरचं पुढे काय झालं, ते मलाही ऐकायचं होतं.)

मोठ्यांना जास्त काय लिहावं? मनगट जप.

तुझी,
मधल्यामधे अडकलेली धाकटी

ता. क. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात ह्यांचा कार्यक्रम आहे. ये. रिकाम्या हातांनी येऊ नकोस, ड्रम घेऊन ये.

आणखी एक ता. क. वहिनी सांगत होती, तुम्ही तिघं अजून दर आठवड्याला जमता आणि गाण्याच्या ओळींची जागा तशीच मोकळी सोडून वाजवता. हे मी ह्यांना सांगितलेलं नाही. डोक्यावर चढून बसतील.

शेवटचा ता. क. दादा, रागावू नकोस. तू आपणहून फोन केलास आणि 'रविवारी येऊ का' असं विचारलंस, असं मी ह्यांना सांगितलंय. हे दिवसभर घरातच होते, फोन वाजला नाही हे त्यांनाही माहीत. तरी एका शब्दाने खोदून विचारलं नाही. नुसतं 'बरं' म्हणाले, आणि किती दिवसांनी उठून दाढी केली. मला फार भरून आलं रे. एक थाप मी मारली आहे. आता दुसरी तू मार.