पट्टीने मारलेली रेघ

दि. ४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस, म्हणून पत्र. मार्चअखेर मला खोली सोडायची आहे. घरमालकांची मुलगी परत येतेय, त्यांचाही दोष नाही. महिनाभर घर शोधतेय. हॉस्पिटलपासून तासाभराच्या आत काहीच मिळत नाही, जे आहे ते बसच्या शेवटच्या स्टॉपच्याही पुढे.

तुमच्या घरासमोर बंद छापखान्याची जागा आहे ना, तिथे पाच मजली, नव्वद घरांची इमारत होऊ शकते. हॉस्पिटलला दहा मिनिटांत चालत. घोडं अडलंय नियमावर. नगरपालिकेच्या नकाशात तो भाग पिवळा आहे, म्हणजे दोन मजल्यांच्या वर बांधायचं नाही. नियम बदलावा म्हणून आम्ही सिस्टर, बसचालक, शाळेतल्या बाई असे पंधरा जण दारोदार सह्या गोळा करतोय. वीस फेब्रुवारीला सुनावणी आहे. तू तीस वर्षं त्याच खात्यात नकाशे काढलेस. ती हद्द तिथेच का, हे तुला ठाऊक असणार. साहेबलोक म्हणतात, काहीतरी अभ्यास झाला असेल.

आणि हो, विरोधाच्या अर्जावर अकरावी सही तुझी आहे. सहीखाली पट्टी लावून रेघ मारणारा माणूस गावात एकच. वहिनीला सांग, मी रागावले आहे, पण तिच्यावर नाही.

लोभ आहे, तो या भांडणात पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
भिंगरी

*

दि. ११ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सही मीच केली, नाकारत नाही. शेजारचे वकीलसाहेब कागद घेऊन आले, तुझ्या वहिनीने चहा केला आणि मी सही केली. छापखाना आपल्या दक्षिणेला. तिथे पाच मजले चढले की आईच्या खिडकीतलं हिवाळ्याचं ऊन गेलं. शेवटची चार वर्षं ती त्या खिडकीत बसून होती. आता मी बसतो.

अभ्यासाचं म्हणशील तर इतक्या जुन्या गोष्टी कुणाला आठवतात?

तू आमची मागची खोली घे. त्यातली ट्रंक हलवा म्हणून वहिनी कालपासून माझ्या मागे लागली आहे. आणि सह्यांचे कागद सुटे देऊ नकोस. पानांना क्रमांक घाल, तीन प्रती कर, पोच हातात पडल्याशिवाय खिडकीपासून हलू नकोस. मी विरोधात असलो तरी तुझं काम गबाळं झालेलं मला चालणार नाही.

जेवणाची वेळ पाळ, एवढं तरी ऐक.
तुझा,
दादा

*

दि. २५ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

क्रमांक घातले, तीन प्रती केल्या, पोच घेतली. कारकून म्हणाले, इतका नीटनेटका अर्ज त्यांनी पाहिलाच नव्हता. श्रेय तुझं.

मागच्या खोलीत मी मावेन रे. पण माझ्या वॉर्डातल्या सहा जणी कुठे मावणार? त्यातली एक रोज चार तास बसमध्ये काढते. परवा भरदुपारी औषधांचा तक्ता भरता भरता तिचा डोळा लागला. मी तिला सगळ्यांसमोर झापलं आणि मग माझीच मला लाज वाटली. दुसरी तर राजीनामा देऊन मोकळी झाली. असंच चाललं तर वॉर्ड कोण बघणार, वकीलसाहेब?

काल नगरपालिकेच्या जुन्या कागदांच्या खोलीत गेले होते. अभ्यासाचा एक कागद सापडला नाही. नुसता मूळ नकाशा. कोपऱ्यात काढणाऱ्याची सही, आणि सहीखाली पट्टीने मारलेली रेघ. दादा, मी तिथल्या स्टुलावर बसूनच राहिले. खरं काय ते लिही. मला टोलवू नकोस.

रागातही तुझीच,
भिंगरी

*

दि. २ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. तर ऐक.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. साहेबांनी सांगितलं, जुन्या वस्तीभोवती दोन मजल्यांची हद्द कुठेतरी आखा, सोमवारी नकाशा वर जायला हवा. कुठेतरी, हा त्यांचाच शब्द. आईचं चालणं-फिरणं तेव्हा नुकतंच थांबलं होतं. तिचं ऊन राहावं म्हणून मी छापखाना हद्दीत घेतला. पण तेवढ्यासाठी रेघ वाकवली असती तर पोट सुटल्यासारखी दिसली असती, आणि माझ्या हातून वाकडी रेघ निघत नाही. म्हणून पट्टी ठेवली आणि थेट नदीपर्यंत सरळ ओढली. आणखी चाळीस गल्ल्या आत आल्या. नकाशा देखणा झाला म्हणून साहेबांनी पाठ थोपटली.

तिथे कुणाला राहता येणार नाही, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. आता तुझी ती पेंगणारी सिस्टर डोळ्यांसमोरून हलत नाही. पण भर सभेत हे सांगायचं म्हणजे तीस वर्षांच्या नावावर पाणी सोडायचं. मला जमेलसं वाटत नाही.

वहिनीलाही हे आजच सांगितलं.
तुझा,
दादा

*

दि. ८ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वाचून आधी रडले, मग हसले, मग पुन्हा चिडले. आईसाठी केलंस हे मला कळतं. पण आई जाऊन अठरा वर्षं झाली आणि तुझी रेघ अजून जागेवर आहे.

तुझं पत्र सुनावणीत वाचलं तर वकीलसाहेबांची बोलती बंद होईल. मी ते कुणाला दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही. सांगायचं तर तू, तुझ्या तोंडाने. नाही आलास तरी मी बोलणार. हरले तर पुन्हा अर्ज करणार, तीन प्रतींत.

वाट बघतेय, हे वेगळं लिहायला नको.
तुझी,
भिंगरी

*

दि. २१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काल मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसलो होतो, म्हणजे गुपचूप निघता येईल. तेवढ्यात शाळेतल्या बाईंनी तुझा निरोप सांगितला, की राजीनामा दिलेल्या सिस्टरच्या जागी कुणी नाही, म्हणून तुला वॉर्डातच थांबावं लागतंय. मग निघायची सोयच उरली नाही.

वकीलसाहेब झकास बोलले. हद्दीमागे तज्ज्ञांचा सखोल अभ्यास आहे म्हणाले. मी उठलो आणि अध्यक्षबाईंना सांगितलं, की तो तज्ज्ञ मीच. अभ्यास नव्हता, घरी आजारी आई होती आणि हातात पट्टी होती. मग सगळंच सांगितलं. मागे कुणीतरी हसलं. वकीलसाहेबांनी विचारलं, मग तुमच्या अकराव्या सहीचं काय? मी ती तिथल्या तिथे मागे घेतली. परतताना शेजारीपाजारी कुणी माझ्याशी बोललं नाही. जिवाला लागलं, खोटं कशाला सांगू.

निकाल सहा विरुद्ध पाच. छापखान्याची जागा हद्दीतून सुटली. चाळीस गल्ल्यांसाठी नवा अर्ज करा म्हणाले. इमारत उभी राहायला तीन वर्षं तरी लागतील, तोवर मागच्या खोलीत ये. त्या चार तासवालीलाही आण. ट्रंक हलवली आहे, दोन पलंग मावतात, मोजून पाहिलं. खिडकीतली खुर्ची मात्र ऊन आहे तोवर माझी.

सोबत नव्या अर्जाचं पहिलं पान आहे. क्रमांक घातला आहे, प्रती तीन. पहिली सही माझी. घरी आल्या आल्या उभ्यानेच केली, त्यामुळे वाकडी आली आहे. खाली रेघ मारलेली नाही.

तुझा,
दादा