डंकर्कला जाण्याची अट

९ जून

ठरलं! शनिवारी डंकर्क. पहाटे आखेनहून निघायचं, बेल्जियम ओलांडायचं, फ्रान्सचं ते जुनं बंदर पाहायचं आणि रात्री परत घरी. सासूबाई सांगलीहून आल्यात, त्यांनी समुद्र पाहिलाय तो फक्त गणपतीपुळ्याचा.

शिडाच्या जहाजांवरची जर्मन पुस्तकं मी डिक्शनरी मांडीवर ठेवून वाचली. फ्रेंच तर निव्वळ स्वतःच्या हिमतीवर. कुणी शिकवलं नाही! माणूस मी डिप्लोमावाला, पण डंकर्कच्या धक्क्यावरच्या त्या तीन डोलकाठ्यांच्या 'डचेस आन'चे दोर मी नावानिशी सांगू शकतो. आणि मुख्य गोष्ट — नाव फ्रेंच असलं तरी जहाज मूळचं फ्रेंच नाहीच. जर्मन! ब्रेमरहाफनला बांधलेलं. हे डेकवर उभं राहून सांगायचं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवलीत.

१० जून

ओवी येत नाही म्हणते. चौदावं लागल्यापासून घरात फक्त जर्मन बोलते. 'बाबाचा फोअरट्राग ऐकायला इतक्या लांब? नाइन.' नाइन म्हणजे नाही, फोअरट्राग म्हणजे व्याख्यान. माझ्या बोलण्याला व्याख्यान!

संध्याने तरी माझी बाजू घ्यावी! तर म्हणे, 'अहो, खोटं नाही हं ती बोलत. ट्रीअरच्या त्या रोमन दरवाजापाशी तुमचं संपेपर्यंत आमचं आइस्क्रीम खाऊन हात धुऊन झाले होते.'

दरवाजा अठराशे वर्षं उभा आहे. ह्यांना अर्धा तास उभं राहवत नाही.

११ जून

जेवताना ओवीची अट आली. विचारल्याशिवाय बाबाने काहीही सांगायचं नाही. कुणाची चूकही दुरुस्त करायची नाही. एकदा जरी मोडलं, तर ती आमच्याबरोबर पुन्हा कुठेही येणार नाही. कध्धीच.

'आणि मला सोडून कुणी विचारलं तर ते धरायचं नाही,' हेही वर. वकीलच व्हायची!

मी हात मिळवला. पोरगी हातची जाण्यापेक्षा एक दिवस मुकं राहिलेलं बरं. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. 'चारुदत्तराव, तुम्हाला नाही हो जमायचं.'

बघूच.

१३ जून

तिखटमिठाच्या पुऱ्या झाल्या. टायरची हवा पाहिली. फक्त माझ्या तोंडाची सोय राहिलीय.

१४ जून

आलो. दमलोय, पण लिहितोच.

गेंटच्या पुढे कालवा लागला — गप्प. डंकर्कचा घंटामनोरा — गप्प. जिभेला अक्षरशः रग लागली. धक्क्यावर बाकावर बसून डबा उघडला, तर एका सीगलने संध्याच्या हातातली पुरी उचलली. 'मेल्या, लोणचं तरी घेऊन जा!' सासूबाई ओरडल्या. शेजारचे फ्रेंच आजोबा टाळ्या वाजवायला लागले.

मग जहाज. पांढरंशुभ्र, तीन काठ्या सरळ आभाळात. मला भरूनच आलं. गाइड बाई फक्त फ्रेंच बोलणारी. सासूबाई वळल्या माझ्याकडे, 'काय म्हणतेय हो ही?' मी ओठांवर बोट ठेवलं. 'बरं, तुमचं मौन. ओवी, तुझ्या शाळेत फ्रेंच आहे ना? तू सांग मग.'

ओवी सवयीने जर्मनमध्ये 'आल्झो...' म्हणून थांबली. आजीला जर्मनचं अक्षर कळत नाही. सुटका नाही!

'आजी, ते... मोठं कापड असतं ना, वारा पकडायला —'

'शीड गं.'

'गेनाऊ, बरोब्बर, शीड. ते मुलं वर चढून बांधायची. शाळेतली मुलं. माझ्याएवढी. खलाशी व्हायचं शिकायची.'

मराठी! अडखळत, वाकडंतिकडं, हात हलवत — पण मराठी. फ्रेंच ऐकायचं आणि मराठीत सांगायचं, मधे जर्मन नाही! मुलं झोपायची कशी, खायची काय, सासूबाई खोदून खोदून विचारत होत्या आणि ती गाइडला विचारून सांगत होती. संध्याने माझा दंड घट्ट धरला होता.

तेवढ्यात गाइड 'ब्रेमरहाफन' म्हणाली. मी स्वच्छ ऐकलं. आलं माझं वाक्य! आणि ओवी आजीला काय सांगते? 'हे इथेच बांधलं. फ्रान्समध्ये.'

वर माझ्याकडे बघत उभी!

घशापर्यंत आलेलं गिळलं. कठडा धरला. चुकीची माहिती कानांदेखत जाऊ दिली — आयुष्यात पहिल्यांदा. पण ती बोलत होती. टोकलं असतं तर थांबली असती, आणि पुन्हा आली नसती.

परतताना मागच्या सीटवर आजीच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. लीएजपर्यंत मी आरशातून बघत होतो. माझी मुलगी! इंग्रजी धरून चार भाषा!

१६ जून

सासूबाई फोनवर सांगलीला: 'आमच्या ओवीने सगळं मराठीतून समजावलं बरं! जहाज तिथलंच, फ्रान्समध्ये बांधलेलं.' मी उठून बाल्कनीत गेलो. अटीची मुदत संपली की नाही, हे कुणी ठरवलेलंच नाही.

१८ जून

मी भांडी पुसत होतो. ओवी येऊन ओट्याला टेकली. मराठीत म्हणाली, 'बाबा, ते जहाज ब्रेमरहाफनचं आहे, माहितीये मला. तू गप्प बसतो का, ते बघत होते. आजीला आता खरं सांग.'

'गाइडचं कळलं होतं तर तुला!'

'गाइड कशाला? मी तिसरीत होते ना, तेव्हा तूच सांगितलं. दोन वेळा.'